विळी, खवणी आणि हातातले गेम

दर तीन-चार वर्षांनी एक बातमी ठरल्यासारखी येते. कुठल्याशा कंपनीनं हातात मावणारं नवं गेमयंत्र काढलंय, आणि त्यावर नुसते गेमच खेळता येतात असं नाही. गाणी ऐका, सिनेमा बघा, फोटो काढा, इंटरनेट बघा, नकाशा बघा, जमलं तर फोनसुद्धा करा. बातमीच्या खाली वैशिष्ट्यांची यादी असते, महिन्याच्या किराण्याइतकी लांबलचक. मग आमच्या नात्यातलं कुणीतरी धाकटं ती बातमी मला पाठवतं आणि विचारतं, "काका, हे चालेल का?" चालेल का म्हणजे बाजारात चालेल का, की घेतलं तर आई चालवून घेईल का, हे जरा मोघमच असतं.

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा लेख. मी काही ज्योतिषी नाही. पण या यंत्रांचा पंचेचाळीसेक वर्षांचा भूतकाळ आपल्यासमोर आहे आणि तो चांगलाच बोलका आहे. तो वाचायची एक सोपी युक्ती मला सापडली आहे. पहिल्या मॉडेलला कंपनी काय काय जोडते याकडे फार लक्ष द्यायचं नाही. दुसऱ्या मॉडेलमधून ती काय काढून टाकते, ते बघायचं.

सुरुवात जपानमधल्या क्योतो शहरापासून करू. निन्टेंडो ही तिथली कंपनी मुळात १८८९ पासून हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी. गुन्पेई योकोई हे इंजिनियर तिथं १९६५ मध्ये लागले, ते पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. बुलेट ट्रेनमधून जाताना त्यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो वेळ जावा म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. खिशात मावणारं, चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असं काहीतरी हवं, हे तिथं योकोईंच्या डोक्यात आलं. त्याच सुमाराला शार्प आणि कॅसिओ यांच्या चढाओढीत कॅल्क्युलेटर, आणि त्याबरोबर त्याची एलसीडी काच, भलतीच स्वस्त झाली होती. या दोन गोष्टी जुळल्या आणि २८ एप्रिल १९८० ला 'गेम अँड वॉच' बाजारात आलं. एक छोटासा खेळ, आणि खेळत नसाल तेव्हा घड्याळ. या मालिकेची जगभरात ४ कोटी ३४ लाख यंत्रं खपली.

म्हणजे बघा, निन्टेंडोचं हे पहिलं गाजलेलं हातातलं यंत्र नावापासूनच दोन कामांचं होतं! पण त्यातल्या घड्याळाचा खेळाला काही त्रास नव्हता. चिप आत होतीच, काच होतीच, आणि घड्याळापुरती वीज म्हणजे अगदी चिमूटभर. घड्याळ खेळाकडून काहीच मागत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नऊ वर्षांनी, २१ एप्रिल १९८९ ला, योकोईंच्या विभागानं 'गेम बॉय' आणला. किंमत १२,५०० येन. त्यातून घड्याळ गायब झालं होतं. रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही, हिरवट काचेवर फक्त चार छटा. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीनं 'लिंक्स' आणलं, त्यात रंगही होते आणि दिवाही. पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचं 'गेम गिअर' आलं, तेही रंगीत. त्याला वेगळा ट्यूनर जोडला की चक्क टीव्ही दिसायचा. कागदावर तुलना केली तर गेम बॉय म्हणजे जुन्या स्टॅंडर्डचा सहावीतला मुलगा आणि बाकीचे दोघे कॉलेजकुमार.

पण लिंक्स आणि गेम गिअरला सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत माना टाकायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. शिवाय तो स्वस्त, आणि पडला तरी सहसा काही न होणारा. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं बघा. सेल आणायला पैसे वडिलांकडे मागायचे आहेत आणि मामाच्या गावाला जायचा प्रवास आठ तासांचा आहे. कुठलं यंत्र त्याला जास्त खेळू देईल? शेवटचा हिशोब असा की गेम गिअर एक कोटीच्या थोडं पुढे गेलं, तर गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८७ लाख. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान नव्या जागी वापरायचं, हे योकोईंचं धोरण होतं. लोणच्यासारखंच. ताज्या कैरीला मान असतो, पण पानात वाढायचं ते मुरलेलं.

गेम बॉयला जोडकामं नव्हतीच असं नाही. दोन यंत्रं जोडायची एक वायर मिळायची. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा गेम आला तो या वायरीच्या जोरावर. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या आणि काही प्राणी एकीतच सापडायचे, काही दुसरीतच. सगळे हवे असतील तर मित्राशी अदलाबदल करणं भाग. १९९८ मध्ये गेम बॉयसाठी कॅमेरा आणि छोटा प्रिंटरही आला. पण कॅमेरा वेगळा विकत घ्यायचा, हवा त्यानं घ्यावा. ज्याला नको त्याच्या यंत्राची किंमत त्यापायी वाढली नाही की सेल लवकर संपले नाहीत.

आता थोडं आपल्याकडे. आपल्या वयाच्या बहुतेकांच्या हातात गेम बॉय कधी पडलाच नाही. आपल्याकडे होता तो 'ब्रिक गेम'. नव्वदच्या दशकात जत्रेत, स्टँडबाहेरच्या दुकानात, खेळण्यांच्या गाड्यावर मिळायचा तो. करड्या काचेवर काळे चौकोन, वरून पडणाऱ्या विटा रचायच्या. खोक्यावर दिमाखात लिहिलेलं असायचं, '९९९९ इन १'. नऊ हजार नऊशे नव्याण्णव! प्रत्यक्षात खेळ असायचे मोजके. विटा, रणगाडा, गाड्यांची शर्यत, साप, बेडूक असे काही, आणि तेच वेगवेगळ्या वेगानं, वेगवेगळ्या पातळीवर मोजून आकडा फुगवलेला. हे आपल्याला दोन दिवसांत कळायचं. वाईट मात्र वाटायचं नाही, कारण आपण तो विटांसाठीच घेतलेला असायचा. बाकीचे ९९९८ दुकानदारासाठी होते.

एका वस्तूनं अनेक कामं करण्याला आपल्या घरात कधीच विरोध नव्हता. रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला टू-इन-वन किती घरांत पंधरा-वीस वर्षं नांदला! आणि त्याच्याही आधीची विळी. विळीच्या टोकाला खवणी असते. बसल्या बैठकीत भाजी चिरायची आणि त्याच बैठकीत नारळ खवायचा. दोन्ही कामं एकाच माणसाची, एकाच वेळची, बरेचदा एकाच पदार्थासाठी. आणि मुख्य म्हणजे नारळ खवल्यानं विळीची धार जात नाही. टू-इन-वनचंही तेच. रेडिओ आणि कॅसेट दोघांना स्पीकर एकच लागतो, आणि दोन्ही एकदम ऐकायची वेळ कुणावर येत नाही.

म्हणून मी याला आपला विळी-खवणीचा नियम म्हणतो. दुसरं काम त्याच बैठकीत बसणारं हवं, आणि त्यानं पहिल्या कामाचं काही खाता कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तर जोडकाम टिकतं. एक जरी मोडली तर दुसऱ्या मॉडेलमध्ये त्याच्यावर कात्री येते. आता हा नियम घेऊन पुढच्या यंत्रांकडे जाऊ.

२००२ च्या नोव्हेंबरात फिनलंडच्या नोकियानं 'एन-गेज' जाहीर केला आणि ७ ऑक्टोबर २००३ ला तो विक्रीला आला. गेम खेळायचं यंत्र, मोबाईल फोन, एमपीथ्री प्लेअर, एफएम रेडिओ, सगळं एकात. नोकिया तेव्हा मोबाईलच्या दुनियेतली सम्राट कंपनी. आपल्याकडे तर 'मोबाईल' म्हणजे नोकिया असाच अर्थ होता. त्यामुळे हे चालणार असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

पण गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागायची. म्हणजे गेम बदलण्यासाठी फोन बंद! फोनवर बोलायचं तर कानाला लावायची बाजू म्हणजे यंत्राची कड. पुरणाची करंजी उभी कानाला लावल्यासारखं दिसायचं. अमेरिकेत त्याला टाको म्हणून चिडवलं गेलं, आणि लोकांनी हातात येईल ती वस्तू कडेनं कानाला लावून फोटो काढून इंटरनेटवर टाकले. पडदा आडवा असण्याऐवजी उभा. किंमत अमेरिकेत २९९ डॉलर, जेव्हा निन्टेंडोचं 'गेम बॉय अॅडव्हान्स एसपी' १०० डॉलरला मिळत होतं.

या सगळ्या चुका सुधारण्यासारख्या होत्या, आणि नोकियानं त्या सुधारल्याही. सात-आठ महिन्यांत, २००४ मध्ये, 'एन-गेज क्यूडी' हे दुसरं मॉडेल आलं. कार्डाची खाच बाहेर आली, फोन नीट कानाला लागू लागला. आणि काढलं काय? एमपीथ्री प्लेअर आणि रेडिओ. ज्या बेरजेची जाहिरात झाली होती तिच्यातले दोन आकडे कंपनीनं स्वतःच्या हातानं पुसले.

तरीही तो चालला नाही, कारण मूळ अडचण शिल्लक होती. खेळात बॅटरी संपली की फोनही संपला. त्या काळी साधा नोकिया एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस चालायचा. घरून निघालेल्या मुलाचा फोन दुपारीच बंद पडला तर आई काय म्हणेल, हे फिनलंडमध्येही वेगळं नसावं. इथं खवणी विळीची धार खात होती. एक मात्र न्यायानं सांगायला हवं. शेजारच्या मित्राशी ब्लूटूथनं बिनवायरीचं खेळायचं, इंटरनेटवरून अनोळखी लोकांशी गुणांची स्पर्धा करायची, या एन-गेजच्या कल्पना अगदी योग्य होत्या. त्या पुढे दुसऱ्यांच्या नावावर जमा झाल्या.

त्यानंतर आलेल्या 'गिझमोंडो'ची गोष्ट तर सिनेमाची आहे. टायगर टेलिमॅटिक्स या कंपनीचं हे यंत्र १९ मार्च २००५ ला ब्रिटनमध्ये आलं. गेम, गाणी, सिनेमे, कॅमेरा, एसएमएस आणि जीपीएससुद्धा! लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर खास दुकान, थाटामाटातलं उद्घाटन. किंमत २२९ पौंड, आणि अधूनमधून जाहिराती बघायची तयारी असेल तर १२९ पौंड. खपली पंचवीस हजारांपेक्षा कमी. २००६ च्या सुरुवातीला कंपनीचं दिवाळं वाजलं. त्याच फेब्रुवारीत तिचे एक माजी अधिकारी स्टेफान एरिक्सन यांची लाल फेरारी एन्झो कॅलिफोर्नियात मालिबूजवळ खांबावर आदळून तिचे दोन तुकडे झाले. यंत्रापेक्षा त्या गाडीचे फोटो जास्त लोकांनी पाहिले असतील. गिझमोंडोला दुसरं मॉडेल आलंच नाही, त्यामुळे कात्री कुठे लागली असती हे आता कळायचा मार्ग नाही. पण खेळताना वाट हरवलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. जीपीएसची बैठकच वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी हरलेल्यांची उदाहरणं झाली. बरोबर आहे. म्हणून सोनीच्या 'पीएसपी'कडे येऊ, कारण ते हरलं नाही. १२ डिसेंबर २००४ ला ते जपानमध्ये आलं. सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख केन कुतारागी यांनी आधीच्याच वर्षी त्याला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हटलं होतं. ४.३ इंचांचा रुंद, देखणा पडदा. गाणी, फोटो, वाय-फाय, आणि यूएमडी नावाची छोटी चकती, जिच्यावर गेमही यायचे आणि सिनेमेही. २००५ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी हौसेनं या चकत्यांवर सिनेमे काढले. वर्षभरात हौस फिटली. ज्या माणसानं सिनेमाची डीव्हीडी घेतली आहे त्यानं तोच सिनेमा पुन्हा पैसे देऊन छोट्या चकतीवर का घ्यावा, आणि ती चकती घरच्या प्लेअरवर चालतही नाही? २००६ मध्ये स्टुडिओ एकेक करून बाहेर पडू लागले.

तरी पीएसपी साधारण आठ कोटी खपलं. कशाच्या जोरावर? जपानमध्ये तरी 'मॉन्स्टर हंटर' या गेमच्या. चार मित्रांनी एकाच टेबलाभोवती बसायचं, वाय-फायनं यंत्रं एकमेकांना जोडायची आणि मिळून एक अजस्त्र प्राणी मारायचा. २००८ च्या आवृत्तीनं तर तिथं वेड लावलं. म्हणजे यादीतलं जे वैशिष्ट्य खेळाच्या बैठकीतलं होतं, ते खेळाबरोबर वाढलं. जे सिनेमाच्या बैठकीतलं होतं, ते गळालं.

पीएसपीनं माझ्या युक्तीला एक अपवादही दिला, तो लपवून कसा चालेल! २००९ च्या 'पीएसपी गो' या मॉडेलमध्ये सोनीनं चकतीच काढून टाकली, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. लोकांनी घरात जमवलेल्या चकत्यांचं काय करायचं याला उत्तर नव्हतं, आणि ते मॉडेल पडलं. म्हणजे वजाबाकीही चुकते. भाजी चिरायची म्हणून घेतलेल्या विळीचं पातंच काढून खवणी ठेवली तर कोण घेईल? २०११ मध्ये युरोपात आलेलं 'पीएसपी ई-१०००' हे शंभर युरोच्या आतबाहेरचं मॉडेल उलट अगदी सरळ होतं. वाय-फाय काढलं, चकती ठेवली.

पीएसपीच्या बरोबरीनंच आलेलं निन्टेंडोचं 'डीएस' दोन पडद्यांचं होतं आणि त्यातला एक बोटानं वा काडीनं चालणारा. २१ नोव्हेंबर २००४, अमेरिकेत १५० डॉलर. पीएसपीसमोर ते खेळणंच वाटायचं. पण त्यातली प्रत्येक नवी गोष्ट, म्हणजे काडी, माईक, दुसरा पडदा, खेळासाठीच होती. गाणी-सिनेमांची भानगड नव्हती. प्राध्यापक रयूता कावाशिमा यांच्या नावानं २००५ मध्ये आलेल्या मेंदूच्या व्यायामाच्या गेममुळे ते आजी-आजोबांच्याही हातात गेलं. डीएस १५ कोटी ४० लाखांवर जाऊन थांबलं.

आणि मग खुद्द निन्टेंडोलाच मोह झाला. २०११ च्या '३डीएस'मध्ये बिनचष्म्याचं त्रिमितीय चित्र होतं. जपानमध्ये किंमत २५,००० येन. सहा महिन्यांच्या आत ती १५,००० वर आणावी लागली. २०१३ मध्ये '२डीएस' आलं. काढलं काय? तिसरी मिती! नावातच वजाबाकी. सोनीच्या 'व्हिटा'चं पहिलं मॉडेल २०११ च्या डिसेंबरात आलं, पाठीवरच्या स्पर्शपट्टीसह, हवं तर थ्रीजीसह. २०१३ च्या मॉडेलमधून थ्रीजी गेलं, आणि २०१९ मध्ये व्हिटाचं उत्पादनच थांबलं.

एवढं वाचून वाटेल की सगळं एकात हे स्वप्नच खोटं. तसं म्हणायची सोय नाही, कारण ते खरं झालेलं यंत्र या क्षणी तुमच्या खिशात आहे. फक्त ते दुसऱ्या दारानं आलं.

१९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनमध्ये तानेली अर्मान्तो या त्यांच्या इंजिनियरनं 'स्नेक' टाकला. आपला साप. फोन फोनच राहिला, साप त्यात फुकटचा भाडेकरू. बँकेच्या रांगेत, एसटीच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीची वाट बघताना आपण तो खेळलो, आणि गेमयंत्र विकत घेतलंय असं कुणालाच वाटलं नाही. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्याची तीन कामं सांगितली: गाणी, फोन आणि इंटरनेट. गेमचं नाव त्या तिनात नव्हतं. पुढच्या वर्षी १० जुलैला अॅप स्टोअर उघडलं आणि गेम लोंढ्यानं आले. एन-गेजनं जे ओरडून विकायचा प्रयत्न केला ते इथं न सांगता घडलं, कारण यंत्र आधीच प्रत्येकाच्या खिशात होतं आणि त्याचे पैसे दुसऱ्या कामासाठी देऊन झाले होते. बॅटरीचं काय? ती आजही संपते. पण दरम्यान आपण सगळ्यांनी रोज रात्री फोन चार्जिंगला लावायची सवय लावून घेतली. नियम मोडायला यंत्र बदललं नाही, माणसं बदलली.

पण नियमातली दुसरी अट, एकानं दुसऱ्याचं खाऊ नये, ती आता वेगळ्या रूपात पुढे आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या भाचीची शाळा फोनवर भरायची. घरात फोन एकच, तोही तिच्या वडिलांचा. गणिताचा तास चालू असताना वरून गेमची सूचना टपकायची, "तुझी फुकट नाणी तयार आहेत!" मध्येच वडिलांना साहेबांचा फोन यायचा आणि तास तुटायचा. तास संपल्यावर ती खेळायची तर आजी म्हणायची, "अजून शाळा सुटली नाही का गं?" कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसायचं. काचेकडे बघत बसलेलं पोर. ब्रिक गेम हातात असला की आपण खेळतोय हे घरातल्या सगळ्यांना कळायचं, आणि तो काढून घेतला की खेळ संपला हे आपल्यालाही. त्या पोरीच्या खेळाला दारही नव्हतं आणि भिंतही. तिला नीट खेळताही येत नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि त्याच काचेत पाकीटही आलं. गेम बॉयचं कार्ट्रिज एकदा घेतलं की बनवणाऱ्याला तुमच्याकडे पुन्हा काही मागायची सोय नव्हती. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झालं, आणि खेळ व पैसे यांच्यात एका बोटाचं अंतर उरलं. त्या अंतरात किती पगार गेले हे आपल्याला गावोगावच्या बातम्यांतून ठाऊक आहे. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पत्ते आधीही होते, पैसे लावणंही आधी होतं. पण पूर्वी अड्ड्यावर जायला चप्पल घालून घराबाहेर पडावं लागायचं.

म्हणून मला वाटतं, नुसतं खेळायचं वेगळं यंत्र ही आता मागासलेली नाही, उलट शहाणपणाची गोष्ट ठरू शकते. आणि बाजारही तसंच काहीसं सांगतोय. ३ मार्च २०१७ ला आलेलं निन्टेंडोचं 'स्विच' १५ कोटींच्या वर गेलं. त्यात वापरणाऱ्यासाठी साधा ब्राउझरसुद्धा दिलेला नाही. त्याचं जोडकाम एकच, हातातला खेळ टीव्हीला लावून तिथूनच पुढे खेळायचा. खेळ तोच, बैठक तीच, फक्त खोली बदलते. अगदी विळी-खवणी. (टीव्हीची सोय काढलेलं स्वस्त 'स्विच लाइट' २०१९ मध्ये आलंच, कात्रीचा रिवाज त्यांनीही पाळला.) २०२२ मध्ये व्हॉल्व कंपनीनं आणलेल्या 'स्टीम डेक'च्या पोटात अख्खा संगणक आहे. पण चालू केलं की समोर येतात ते तुम्ही आधीच विकत घेतलेले गेम, संगणक मागच्या खोलीत. पीएसपी गोनं जे विसरलं ते यांनी लक्षात ठेवलं.

२०२५ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्ट आणि असुस यांचं 'आरओजी एक्सबॉक्स अॅलाय' आलं. त्याचं वरचं मॉडेल अमेरिकेत हजार डॉलरला, म्हणजे किंमत चांगल्या लॅपटॉपची. पुढेही अशी येत राहतील, याद्या लांबत जातील. त्यांच्यापैकी कुणाचं काय होईल ते नावानिशी सांगत नाही. पण यादी हातात आली की एक पेन्सिल घ्या. दुसऱ्या मॉडेलमध्ये कंपनी जे काढून टाकेल असं वाटतं त्यावर काट मारा. मग उरलेल्या यादीकडे बघून विचारा, एवढ्यासाठी एवढे पैसे द्यायचे का? उत्तर हो आलं तर यंत्राला भवितव्य आहे, आणि आईशी बोलायला हरकत नाही.

आणि हो, तुमच्या माळ्यावर असं एखादं सगळं-एकात यंत्र पडून असेल तर जरूर कळवा. त्याची किती कामं होती, त्यातली खरोखर वापरली किती, आणि सगळ्यात आधी कुठलं बंद पडलं. माझा अंदाज आहे की आपण ज्यासाठी ते घेतलं होतं, ते काम सगळ्यात शेवटी बंद पडलं असणार.